डोक्याचं पांघरूण

आमचा माण तालुका दुष्काळी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं बारा महिने नुसतं ऊन. पण मार्गशीर्ष लागला की आमच्याकडची थंडी काय असते, ते ज्यानं माळावर रात्र काढली त्यालाच ठाऊक. झाडोरा थोडा, रानं उघडी, आभाळ निर्मळ. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्यानं निवते आणि पहाटेला असा गारठा सुटतो की कळशीतलं पाणी बोटाला चावतं. राजांच्या जिरेटोपावर आणि पेशवाईतल्या पगडीवर पुष्कळ लिहिलं गेलं. कुणब्याच्या डोक्यावर काय होतं आणि थंडीत ते पुरत होतं का, हा हिशेब मात्र ज्याचा त्यानंच मांडायचा. तो मी इथं मांडतो. निमित्त आमच्या आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांच्यासाठी एक चांगली, उबदार आणि चारचौघांत शोभणारी टोपी शोधायला मी निघालो आणि शोधता शोधता पार मुंडाशापर्यंत मागं गेलो.

मुंडासं म्हणजे काही शिवलेली वस्तू नव्हे. एक लांब कापड, कसंही डोक्याला गुंडाळलेलं. जरा नीट, पीळ देऊन, सोगा सोडून बांधलं की त्याचा पटका होतो, फेटा होतो. आजचा बाजारातला फेटा आठ-नऊ मीटर भरतो. जुनी माणसं मीटर मोजत नसत, हात मोजत. पगडी ही वेगळी जात. ती रोज बांधायची नसते, पगडबंदानं एकदा बांधून-शिवून दिलेली तयार असते. ती घालणारा सावलीत बसणारा. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण पगडी घालून कुणी मोट हाकली नाही.

मुंडाशाचं काम नुसतं डोकं झाकायचं नव्हतं. माझे आजोबा पटकेवाले. त्यांच्या पटक्याची कामं मी लहानपणी डोळ्यांनी बघितली आहेत. ओझं उचलायचं तर त्याचीच चुंबळ. विहिरीवर दोर कमी पडला तर घागरीला तेच कापड बांधायचं. ओढ्याचं गढूळ पाणी त्यातून गाळायचं. रानात झोप लागली तर तेच अंथरूण, तेच पांघरूण. पैसे सोग्याच्या गाठीत, विडी कानावरच्या पिळात. पाय मुरगळला तर वर पट्टी म्हणून तेच. भांडणात काठी बसली तर पहिला घाव पटका झेलायचा, मग डोकं. थंडीच्या दिवसांत एक वेढा कानावरून, एक हनुवटीखालून घेतला की नाकाचा शेंडा तेवढा उघडा राहायचा. दुपारी ऊन आलं की तोच वेढा सोडून परत वर. कापड एक, पण दिवसातनं चार वेळा बदलणारं.

म्हणून पटका विकत घेताना आजोबांची परीक्षा वेगळी असायची. ते रंग शेवटी बघत. आधी कापडाची एक कड ओठाला लावून खळ किती आहे ते बघायचं, मग मुठीत चुरगाळून सोडायचं, मग उजेडाकडं धरून वीण बघायची. फार खळीचं कापड नको, एका धुण्यात त्याची जाळी होते. ‘आधी कापड, मग रुबाब,’ असं ते म्हणायचे. मी टोपी शोधायला निघालो तेव्हा हे चार शब्द मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

आता या कापडात मान कसा शिरला, ते बघू. आपल्याकडं मानाच्या वस्त्रांना शिरपाव म्हणत. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. त्यात आधी डोकं. गावकीत पाटलाला, मानकऱ्याला, लग्नकार्यात बलुतेदाराला पागोटं देण्याची रीत होती. बाप गेल्यावर थोरल्या मुलाच्या डोक्याला सासुरवाडीकडून पागोटं बांधलं जाई, म्हणजे आता घराचा भार तुझ्यावर. भाषेतसुद्धा बघा. कुणी फसवलं तर टोपी घातली म्हणतो. अब्रू गेली तर पागोटं उतरलं म्हणतो. मुंबईत भाड्याची जागा घेताना वरकड रक्कम द्यावी लागे, तिलाही नाव पडलं पागडी. डोक्यावरच्या कापडाला एवढा अर्थ चढला की ते कापड आहे हेच आपण विसरत गेलो.

या मानाच्या कल्पनेला उलटा धक्का दिला तो महात्मा फुल्यांनी. 1888 साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात होता. त्याच्यासाठी हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी ठेवली. भारी पोशाख, दागिने घातलेली मोठी मोठी मंडळी जमलेली. फुले तिथं गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले, डोक्याला फाटकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. आणि भाषणात सांगितलं की, हा दरबार म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात आहे, तिची दशा बघा. फुल्यांना चांगलं पागोटं बांधता येत नव्हतं असं नाही. त्यांचे पुतळे बघा, पागोटं कसं व्यवस्थित आहे. पण त्या दिवशी त्यांनी मुद्दाम कुणब्याचं डोकं तिथं नेलं. त्याआधी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला होता. लिहून जे सांगितलं तेच त्यांनी अंगावर घालून दाखवलं.

त्या वेशातली दुसरी वस्तू घोंगडी. थंडीचा विचार करायचा तर आमच्या मुलखाचं खरं लोकरी वस्त्र तेच. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी. धनगर मेंढरं कातरतात, घरात सूत काततात आणि सनगर घोंगडी विणतात. मागावर चढवण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळं नवी घोंगडी ताठ असते. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या पाडव्याला निघतो. थंडी नुकती लागलेली असते. आम्ही लहान असताना यात्रेत घोंगड्यांच्या चवडी लागायच्या आणि म्हातारी माणसं एकेक घोंगडी झटकून, हुंगून, गालाला लावून बघायची. घोंगडीची एक बाजू मुडपून डोक्यावर घेतली की खोळ होते. पावसात तीच इरल्याच्या जागी, थंडीत तीच टोपी. लेकरांना जुन्या लुगड्याची नाही तर झंपराच्या कापडाची कुंची शिवत, मानेपर्यंत येणारी. पहाटे वासुदेव यायचा तो मोरपिसांची उंच टोपी घालून, पण तिच्या खाली त्यानंही कानाला फडकं बांधलेलं असायचं. मला लहानपणी ते फडकंच आधी दिसायचं.

म्हणजे मुंडासं आणि घोंगडी या दोघांनी मिळून आमची थंडी कैक पिढ्या भागवली. दोन्ही वस्तू सैल. डोक्याप्रमाणं, वाऱ्याप्रमाणं बदलणाऱ्या. मग आली टोपी.

गांधी टोपीचा इतिहास मला फार गमतीचा वाटतो. गांधीजी 1915 साली आफ्रिकेहून परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काठेवाडी फेटा होता. पुढं त्यांनी विचार केला की, फेट्याला कापड फार लागतं, गरिबाला ते परवडत नाही. काका कालेलकर, हे आपल्या साताऱ्यातच जन्मलेले, गांधीजींच्या जवळचे. त्यांना गांधीजींनी सांगितलं होतं की, देशातल्या निरनिराळ्या टोप्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांत काश्मिरी टोपीचा घाट पसंत पडला. शिवायला सोपी, हलकी, घडी करून खिशात ठेवता येते. अडचण एकच, ती लोकरीची होती. म्हणून त्यांनी तो घाट सुती कापडात उतरवला. रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ दिसतो, मग माणूस टोपी धुतो. स्वतः गांधीजींनी ती फार दिवस घातली नाही. 1921 च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी पंचा धारण केला आणि टोपी सुटली. टोपी मात्र देशभर राहिली.

तिची किंमत लोकांनी मोजली. 1930 साली सोलापुरात सरकारनं मार्शल लॉ पुकारला तेव्हा साध्या पांढऱ्या टोपीचा गुन्हा झाला होता. लोकांच्या डोक्यावरच्या टोप्या उतरवल्या, ती घातली म्हणून माणसं धरली. त्याच प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिलं. आपला जिल्हा शेजारचाच. त्यामुळं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना टोपी हा नुसता पोशाख वाटत नसे. आण्णा सांगायचे, त्यांच्या वडिलांनी पटका सोडला नाही, पण मुलाच्या डोक्यावर टोपी घातली ती जाणूनबुजून. घरात एकाच वेळी पटका आणि टोपी नांदत होती.

स्वातंत्र्यानंतर टोपी घरोघर झाली. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण टोपीवाले. सोसायटीचा चेअरमन टोपीवाला, वारकरी टोपीवाला, मुंबईत डबा पोचवणारा टोपीवाला, शाळेतले गुरुजी टोपीवाले आणि आम्ही पोरंही टोपीवाली. आमची आई आण्णांची टोपी धुऊन, नीळ देऊन, पालथ्या तांब्यावर ताणून वाळवायची. पुढं त्याच तांब्यात निखारे घालून इस्त्री. टोपीची कड सुरीसारखी उभी राहायची.

पण हिशेब मांडायचा तर सगळा मांडायला पाहिजे. टोपीनं कापड वाचवलं, मान दिला, जातीजातीच्या पागोट्यांतला फरक पुसला. हे मोठंच काम झालं. फक्त आमचे कान उघडे पडले. मुंडासं खाली ओढता येत होतं, टोपी ओढता येत नाही. जो घाट काश्मीरच्या बर्फात लोकरीचा होता, तो आमच्याकडं सुती होऊन आला. उन्हाळ्यात त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पौषातल्या पहाटे मात्र ती टोपी नावापुरती. म्हणून मग खेड्यातल्या माणसानं आपल्यापुरती तोड काढली. टोपी तशीच ठेवायची आणि तिच्यावरून टॉवेल नाही तर मफलर घेऊन हनुवटीखाली गाठ मारायची. एसटीच्या स्टँडवर, ऊसतोडीच्या फडात, दूध डेअरीच्या रांगेत हे डोकं तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असेल. वरनं टॉवेल, आतून टोपीचं टोक. आतली टोपी मानाची आणि वरचा टॉवेल थंडीचा.

कानटोपी आमच्याकडं आली ती पलटणीतून. 1854 साली क्रिमियाच्या लढाईत बालाक्लाव्हा नावाच्या गावाजवळ इंग्रज सैन्य थंडीनं गारठलं होतं. त्यांच्यासाठी घरोघरी विणून पाठवलेल्या टोप्यांना पुढं त्या गावाचंच नाव पडलं. डोकं, कान, मान झाकणारी, तोंडापुरतं भोक असलेली. आमचा सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे गावाला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले. अशा घरांतून खाकी रंगाच्या लोकरी टोप्या गावात आल्या. माझे धाकटे चुलते सैन्यात होते. ते सुट्टीवर येताना एक कानटोपी, एक जाडा गरम कोट आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन यायचे.

बाजारातली कानटोपी मात्र आमच्या पिढीनं घेतली ती तिबेटी लोकांकडून. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं आली. त्यांची एक वसाहत आपल्या राज्यातही आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला, 1972 सालापासूनची. हे लोक लुधियानाहून स्वेटर-टोप्यांचा माल उचलतात आणि दिवाळीनंतर गावोगावच्या शहरांत रस्त्याकडेला दुकानं मांडतात. आपले लोक त्यांना सरसकट नेपाळी म्हणतात. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी आमच्या म्हाताऱ्यांचे कान झाकले, हे आपण लक्षात ठेवावं.

पण कानटोपीला आपल्याकडं नाव पडलं माकडटोपी. आणि आण्णांचं सगळं अडलं ते इथं.

आण्णा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. डोक्यावर केस राहिले नव्हते, कानाला वारं लागलं की दुखायचा, रात्रभर कण्हायचे. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत कान उघडे ठेवू नका. मी चांगली कानटोपी आणली. घरात त्यांनी ती घातली. पण सकाळी पारावर जायची वेळ झाली की ती काढून पांढरी टोपी घालायचे. मी म्हणालो, ‘आण्णा, कानटोपीच राहू द्या की.’

‘आरं, माकडटोपी घालून पारावर बसू व्हय? उद्या कुणी सोयरीक इचारायला आलं तर त्या सोंगाशी बोलंल का?’

टॉवेल बांधा म्हटलं, तर म्हणाले, ‘टावेल रानात. पारावर न्हाई.’

माझी बायको त्यांना फार जपायची. तीही म्हणाली, ‘मामंजी, दहा वाजता ऊन आलं की जावा.’ पण दहाला पारावर कुणी नसतं. पारावरची बैठक सातची. हळूहळू त्यांनी जाणंच बंद केलं. भिंतीकडं तोंड करून बाजेवर बसून राहायचे. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. एका टोपीवरनं माणूस असा घरात कोंडला जातो, हे लांबून बघणाऱ्याला खरं वाटणार नाही. पण ज्यानं सत्तर वर्षं मान ताठ ठेवून डोकं झाकलं, त्याला उतारवयात आपण सोंगासारखे दिसतोय असं वाटणं फार वाईट. मी ठरवलं, थंडीची आणि मानाची अशी एकच टोपी शोधायची.

टोपी शोधायची म्हणजे आधी घरातली ट्रंक उघडायची. लग्नात, जावळात, दुखवट्यात आलेल्या टोप्या आमच्या घरात मोजल्या तर एकाहत्तर निघाल्या. तुमच्याही घरात थोड्याफार असतीलच. टोपी, टॉवेल, नारळ, हा आपला ठरलेला मान. पाहुण्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, त्यानं ती मांडवातच काढून पिशवीत घालायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. काही टोप्या आमच्या घरात दोनदा येऊन गेल्या असतील. कापड टेरिकॉटचं, आत बक्रम. पाण्यात घातली की बक्रम सुटतो आणि टोपीचं पोतेरं होतं. एकाहत्तर टोप्यांत आण्णांच्या मापाची एक निघाली नाही. मान देणाऱ्यानं डोकं मोजलेलंच नसतं.

मग बाजार धरला. एका दुकानात काळी टोपी दाखवली, मखमलीसारखी. ती कडक, कानाच्या वर चार बोटं राहणारी. आण्णा म्हणाले असते, ‘ही शेटजीची.’ दुसरीकडं साहेबी हॅट दाखवली, जाड्या नमद्याची, काठाची. वस्तू चांगली, ऊबही चांगली. पण काठाची हॅट घालून विठ्ठलाला नमस्कार कसा करायचा, दर वेळी काढायची कुठं? तिसरीकडं डोंगरी भागातली रंगीत पट्टीची गोल टोपी होती. दिसायला झकास. तिनंही कान झाकत नव्हते. एक विक्रेता म्हणाला, ‘शंभर टक्के लोकर.’ मी म्हटलं, शिवणीतला एक धागा द्या. आगपेटीवर धरला. अस्सल लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. तो माणूस काही बोलला नाही, मीही बोललो नाही. पण वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, गरम कपडा घेताना हा एक धागा शंभर रुपयांचं नुकसान वाचवतो.

शेवटी गावातल्या शिंप्याकडं आलो. तो माझ्याच वयाचा. त्याचे वडील टोप्या शिवायचे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘दादा, टोपी डझनानं याया लागल्यापास्नं मी टोपीची कातर हातात धरली न्हाई. पण माप आणा, कापड आणा, बघू.’

माप सुतळीनं घेतलं, कपाळावरून कानाच्या वरच्या टोकावरून मागं. बावीस इंच भरलं. कापडाचा प्रश्न राहिला. घोंगडीचा तुकडा लावून बघितला तर तो टाळूला टोचला. तेव्हा चुलत्यांच्या गरम कोटाची आठवण झाली. चुलते वारून दहा वर्षं झाली होती. कोट चुलतीनं ट्रंकेत ठेवला होता. बाह्यांना कसर लागलेली, पण पाठीचा भाग धडधाकट होता. चुलतीला विचारलं. ती म्हणाली, ‘भाऊजींच्या डोक्याला होतंय, तर कापा.’ एवढंच बोलून ती आत गेली.

शिंप्यानं घाईनं कातर लावली नाही. आधी ओलं फडकं टाकून कापडावर वाफेची इस्त्री फिरवली. म्हणाला, लोकर आधी आवळून घ्यायची, नाही तर शिवल्यावर पाणी लागलं की टोपी लेकराची होते. घाट गांधी टोपीचाच ठेवला. दोन बाजू, वर एक पट्टी. पण भोवतालची दुमड चार बोटं खोल ठेवली आणि ती खालून शिवली नाही. पारावर बसलं की ती दुमड वर, टोपी टोपीसारखी दिसते. वारं सुटलं की दुमड खाली ओढायची, दोन्ही कान झाकतात. आतून धोतराच्या जुन्या मऊ सुताचं अस्तर. बक्रम अजिबात नाही. मजुरी दीडशे रुपये घेतली आणि ‘टोपी शिवली’ म्हणून वडिलांच्या फोटोला नमस्कार केला.

मी हातात घेऊन बघत होतो तेव्हा काका कालेलकरांची ती गोष्ट आठवली. काश्मिरी टोपीची लोकर गेली आणि सूत आलं. आमच्या शिंप्यानं नकळत ते उलटं फिरवलं होतं. घाट तोच, लोकर परत आली.

आण्णांनी टोपी उलटीपालटी केली. रंग पांढरा नाही, हिरवट खाकी. मला वाटलं आता अडणार. त्यांनी अस्तरात हात घातला, कापड मुठीत चुरगाळून सोडलं, अगदी आजोबांसारखं. विचारलं, ‘ह्यो त्याचा कोट न्हवं?’ मी हो म्हणालो. त्यांनी टोपी घातली, भिंतीवरच्या आरशात बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सातला काठी घेऊन बाहेर पडले. पारावर कुणीतरी विचारलं, कुठली टोपी म्हणायची ही? म्हणाले, ‘पलटणीची.’

ती टोपी त्यांनी तीन हिवाळे वापरली. चौथा त्यांना मिळाला नाही. तेराव्याला पाहुण्यांनी रीतीप्रमाणं टोप्या आणल्या. माझ्या डोक्यावर एकावर एक बेचाळीस टोप्या ठेवल्या गेल्या. माणसं जिवाभावाची होती, लांबून आली होती, त्यांच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण त्या बेचाळीस पांढऱ्या टोप्या आणि खुंटीवरची ती एक खाकी, असं समोरासमोर दिसलं तेव्हा जे कळायचं ते कळलं.

गेल्या मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न निघालं. मानपानाची यादी करताना मी भावकीत विषय काढला. तीनशे टोप्यांच्या पैशात गावातल्या आणि पाहुण्यांतल्या साठीच्या पुढच्या माणसांना गरम टोप्या शिवून देऊ, बाकीच्यांना नारळ आणि नमस्कार. बराच वाद झाला. थोरले दीर-भाऊ म्हणाले, लोक हसतील. तरुण पोरांनी माझी बाजू घेतली. अखेर अडतीस नावं निघाली. शिंपी आठ दिवस सुतळी घेऊन घरोघर फिरला. लोकरीचं मिलचं कापड आणलं, धागा जाळून बघून आणलं. अडतीस डोक्यांत एकसारखी दोन निघाली नाहीत. कुणाचं एकवीस, कुणाचं तेवीस, एका पैलवानाचं चोवीस.

मांडवात दोन पाहुणे रुसले. आमच्या डोक्यावर टोपी ठेवली नाही म्हणून न जेवता उठले, त्यांना हाताला धरून परत बसवावं लागलं. तिसरे एक म्हातारे, आमच्या मामांच्या गावचे, टोपी घेऊन मांडवाच्या कडेला उभे होते. दुमड खाली ओढायची, वर करायची, परत ओढायची, असं त्यांचं चाललेलं. मी जवळ गेलो तर म्हणाले, ‘माप कुणी घेतलं हुतं रं माझं?’

मी शिंप्याकडं बोट दाखवलं. तो पंगतीत वाढत होता.